जिची हाक राहून गेली

आमच्या आवारात बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. पहिलं मूल झालं की ती त्या मुलाची आई होते आणि मरेपर्यंत तीच राहते. मी एबुकाची आई. समोरच्या खोलीतली सिमदीची आई. तिचं खरं नाव अकुअबाता, हे मला तिच्या शेजारी चांगली काही वर्षं काढल्यावर कळलं, आणि तेही टीव्हीवर. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत गेली, त्यात 'भूत' या शब्दासमोर ते लिहिलेलं होतं.

त्या काळी आमच्या एनुगू शहरात घरोघरी भुताचे सिनेमे चालायचे. कॅसेटवर यायचे, पहिला भाग आणि दुसरा भाग, आणि दुसरा भाग हाताला लागेपर्यंत माणसांना घास गोड लागायचा नाही. त्यातले बरेचसे आमच्या अबाक्पा वस्तीतच तयार व्हायचे. करणारा एकच, बोनिफेस एजिंदू. आधी तो शाळेत भूगोल शिकवायचा, मग सगळ्यांचा डायरेक्टर झाला. त्याच्या सिनेमात श्रीमंत व्हायची घाई झालेला एक नवरा असायचा, तो बायकोचा बळी द्यायचा, बायको भूत होऊन विहिरीतून वर यायची आणि शेवटी पाद्री येऊन सगळं निस्तरायचा. दर वेळी हेच. आणि दर वेळी आमची पाचावर धारण बसायची.

ती बायको म्हणजे सिमदीची आई. सकाळी ती केळीच्या पानात उकडलेले ओक्पाचे, म्हणजे कडधान्याच्या पिठाचे, पिवळे गोळे पाटीत घालून बसथांब्यावर विकायची. एकदा एक गिऱ्हाईक कालचा माल आहे म्हणून वाद घालायला लागलं. ही पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहिली. तो माणूस पैसे टाकून ओक्पा न घेताच गेला. डायरेक्टर रांगेत मागे उभा होता. तो म्हणाला, "बाई, ही नजर वाया घालवू नका."

तिचे पांढरे झगे मी शिवायचे. रक्तासाठी आधी ते लोक लाल पाम तेल वापरायचे. मीच ओरडले की तो डाग तुमचा बाप आला तरी निघायचा नाही, तेव्हापासून झोबोचं लाल सरबत आलं. तोंडाला पांढरी खडू-माती फासली की शूटिंगला जमलेली पोरं लांब पळायची, आणि ही तशाच तोंडाने सिमदीला मऊ भात भरवत बसायची. सिमदी तेव्हा एवढीशी होती. तिला आईची भीती कधी वाटली नाही. इतरांना मात्र हळूहळू वाटायला लागली.

पेटीत झोपणं हा आमच्याकडे खेळ नाही. शवपेटी खोटी असली तरी ती पेटीच. म्हणून नियम होता: जो झोपवतो त्यानेच उठवायचं. शॉट संपला की डायरेक्टर स्वतः पेटीपाशी जायचा आणि आतल्या माणसाला खऱ्या नावाने, बापाच्या नावासकट हाक मारायचा. सिनेमातलं नाव चालत नाही, पोराबाळाचं नाव चालत नाही. आतल्याने 'आले' म्हणायचं, मगच पाय बाहेर टाकायचा. मरणाला कळलं पाहिजे की हे नाटक होतं, त्याने मनावर घेऊ नये. सिमदीच्या आईला अकुअबाता म्हणणारा जगात तो एकटाच माणूस उरला होता. तिचा नवराही तिला सिमदीची आईच म्हणायचा.

मग त्याचा शेवटचा सिनेमा आला. रस्त्याकडेला पेट्या बनवणारा सुतार होता, फेस्टस, त्याच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत दफनाचं शूटिंग होतं. पेटी त्याचीच, भाड्याने. त्या लबाडाने तीच पेटी एका खऱ्या घराला विकूनही ठेवली होती. त्याचा हिशेब असा की शूटिंग दुपारपर्यंत आटोपेल आणि ती माणसं संध्याकाळी येतील. माणसं आली दुपारीच, गाडीत मयत घेऊन, बँड घेऊन. शॉट नुकताच झाला होता. डायरेक्टरने फेस्टसचा गळा धरला, मयताच्या भावाने डायरेक्टरचा गळा धरला आणि कोणीतरी पेटीपाशी जाऊन म्हणालं, "ए बाई, ऊठ ऊठ, पेटी पाहिजे." दोघांनी तिला काखेत धरून बाहेर काढलं. झगा तिच्या अंगावरच होता. पेटीवरची धूळ फडक्याने पुसली आणि तिच्या जागी दुसरं माणूस ठेवलं, खरं. बँड वाजवत पेटी गेली आणि जमिनीत गेली.

हाक राहिली. गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. ती मला म्हणाली, "एबुकाची आई, मी बाहेर आले की नाही?"

"मग माझ्याशी कोण बोलतंय?" मी म्हटलं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

मी हसले होते. नंतर हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती डायरेक्टरकडे गेली, तर तो कर्जवाल्यांना चुकवून लागोसला गेला होता, आणि परत आला तो बऱ्याच काळाने, झिजलेला. तोवर तिच्या नवऱ्याचा ट्रक डोंगराच्या वळणावर उलटून तो दगावला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण वस्तीला फांदीपेक्षा कावळाच जास्त दिसतो. लोक म्हणायला लागले की ही अजून पेटीतच आहे, आणि पेटी जमिनीत आहे, मग ही घरात नांदणार कशी. पुढे डायरेक्टर भेटला तेव्हा ती त्याला म्हणाली, आता तरी मारा हाक. तो म्हणाला, पेटीशिवाय कशी मारू, आणि पेटी आणायला आता माझ्याकडे सिनेमा कुठे आहे. त्याचं डोकं असंच होतं. सिनेमाबाहेर काही करायचं म्हटलं की त्याचे हातपाय गळायचे.

तेव्हापासून ती बाई कधी आडवी झाली नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची, आणि तेही अर्धवट. दिवसा एका जागी बसायची नाही. झाडलेलं आवार पुन्हा झाडायची. भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायची. माझ्या दुकानात गप्पा मारायला यायची आणि वाक्य अर्ध्यावर टाकून दारात जाऊन उभी राहायची. मी चिडायचे. म्हणायचे, "अगं, एक काय ते कर. आत ये नाहीतर बाहेर जा." ती म्हणायची, "तेच तर ठरत नाही."

आता खरी गोष्ट. सिमदी मोठी झाली, हॉस्पिटलात नर्स झाली. जिभेला धार आईची आणि वर स्वतःची. उदी गावाकडचा लोटान्ना नावाचा मुलगा तिच्या मागे लागला, मग ती त्याच्या. मुलाकडचे एकदा पाम वाइन घेऊन दार वाजवून, म्हणजे मागणी घालून, गेले. पुढची पायरी आमच्याकडे चौकशीची. मुलाकडची मंडळी गुपचूप येतात आणि शेजारीपाजारी विचारतात, घराण्यात वेड आहे का, चोरी आहे का, अवेळी मरणं आहेत का. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. उत्तर आवडलं नाही तर पुन्हा कोणी येत नाही, कारणही सांगत नाही. मुलगी वाट बघत राहते.

आणि नेमकं त्याच वेळी लागोसहून टोलानी नावाची मुलगी कॅमेरा घेऊन उगवली. ती डायरेक्टरच्या कामावर माहितीपट काढत होती. म्हणे परदेशात लोक त्याचे जुने सिनेमे शोधून शोधून बघतात. आम्ही म्हटलं, बघू देत बापडे, त्यांना आमच्यासारखी अंधारात विहिरीवर जायची वेळ येत नाही. डायरेक्टरला तोवर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, बोलणं तुटक, आणि माणसांची नावं साफ पुसलेली. सिनेमे मात्र सगळे पाठ. कुठला शॉट कुठल्या झाडाखाली घेतला ते सांगायचा. मला बघितलं की म्हणायचा, "पांढरा झगा." सुताराला म्हणायचा, "पेटी." सिमदीच्या आईला बघून त्याचा चेहरा उजळायचा आणि तो म्हणायचा, "विहिरीतली बायको."

टोलानी रोज आवारात यायची. "आंटी, तुमच्याशिवाय हा माहितीपट पुरा होणार नाही."

"मग अर्धा राहू दे," सिमदीची आई म्हणायची आणि झाडू उचलायची. "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. लोकं विसरायला लागलेत, तर तू त्यांना पुन्हा खडू फासलेलं तोंड दाखव. शहाणीच आहेस."

लोक विसरले नव्हते. एका सकाळी माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्यावर लाल टोपी, हातात कापड. शर्ट शिवायचा म्हणाले. उदीचा माणूस शर्टासाठी अबाक्पाला कशाला येईल? मी ओळखलं, हे लोटान्नाचे काका, मझी अनिग्बो. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने मझी म्हणतात. मी छातीचं माप घ्यायला लागले तसे ते घसा खाकरून म्हणाले, "समोर कोण राहतं?"

"ओक्पावाली. चांगली बाई आहे. हात वर करा."

त्यांनी हात वर केले. "ऐकलंय की ती पेटीत झोपली होती."

"सिनेमात झोपली होती. सिनेमात तर पाद्रीसुद्धा खरा नव्हता, तो टायर विकायचा."

"ते ठीक आहे. पण तिला उठवलं कोणी?"

मी टेप ओढला तो जरा जास्तच ओढला गेला. "मझी," मी म्हटलं, "बाईने एकटीने मुलगी वाढवली, शिकवली. हे मेलेल्या माणसाचं काम आहे?"

"मी काही म्हणत नाही. माझी वहिनी म्हणते. ती मुलाची आई आहे. तिला एवढंच हवंय की कोणीतरी सांगावं, अमक्याने हाक मारली आणि ती उठली. सांग ना, कोणाचंही नाव सांग. मी जाऊन तेच सांगतो." माणूस वाईट नव्हता. मला खोटं बोलता आलं असतं. पण वस्तीत दुसऱ्या कोणालाही विचारलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, आणि मग तेही त्या मुलीच्याच डोक्यावर फुटलं असतं. मी म्हटलं, "शर्ट शनिवारी मिळेल."

मी हे तिला सांगितलं. ती हंडा ओतत होती. ओतायची थांबली. किती तरी वर्षांनी मी तिला एका जागी उभी बघितली. मग म्हणाली, "त्या लागोसच्या पोरीला बोलाव."

टोलानी धावत आली. सिमदीची आई तिला म्हणाली, "तुला बोलायला हवंय ना मी? बोलेन. विहिरीचं, खडूचं, सगळं. पण आधी पेटी आण. त्याने मला झोपवायचं आणि त्यानेच उठवायचं. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी."

त्या पोरीचे डोळे असे चमकले की मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. तिला शॉट दिसत होता. मला सिमदी दिसत होती. सिमदीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू पुन्हा त्या पेटीत गेलीस तर मी त्या घरात लग्न करणार नाही. असल्या लोकांसाठी?" आई म्हणाली, "त्यांच्यासाठी कोण करतंय?" मग दोघी बराच वेळ एकमेकींकडे पापणी न हलवता बघत राहिल्या. शेवटी सिमदी डोळे पुसत ड्यूटीवर गेली.

शनिवारी दुपारी फेस्टसच्या दुकानामागे अर्धी वस्ती जमली. फेस्टसने पेटी फुकट दिली, आणि वर तीनतीनदा शपथ घेतली की ही कोणाला विकलेली नाही. मझी अनिग्बोंना मी निरोप धाडला होता की शर्ट घ्यायला इकडेच या. ते टोपी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसले. डायरेक्टरला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं. मी जुनाच झगा थोडा उसवून मोठा केला होता. खडू लावायला तिने नकार दिला. "आज माझ्याच तोंडाने," ती म्हणाली. पेटीच्या काठाला धरून आत उतरली, बसली, आणि मग इतक्या वर्षांनी पाठ टेकली.  

टोलानीने कॅमेरा लावला आणि तो बघताच डायरेक्टरची मान ताठ झाली. डाव्या हाताने त्याने लोकांना मागे सरायची खूण केली. "ॲक्शन," तो म्हणाला, आणि तो शब्द अजिबात तुटला नाही.  कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मग तो म्हणाला, "कट."

आम्ही हाकेची वाट बघत पेटीकडे वळलो. तो म्हणाला, "पुन्हा. पापणी हलली."

लोक हसले. मी नाही हसले. पुन्हा ॲक्शन झालं, पुन्हा कट. या वेळी तो खूष झाला. "छान," म्हणाला. "पुढचा."

टोलानी त्याच्या कानाशी वाकली. "सर, त्यांना उठवायचं आहे. नावाने."

त्याने पेटीकडे बघितलं. "विहिरीतली बायको," तो म्हणाला.

पेटीतून काही आवाज आला नाही. कोणीतरी त्याला हळूच नाव सांगितलं तर वस्तीतली म्हातारी उगोचुकवू, जिला सगळे मामा म्हणजे आई म्हणतात, ती खेकसली, "सांगून नाही चालत, त्याचं त्यालाच आलं पाहिजे." तो ओठ हलवत राहिला. त्याला कळत होतं की काहीतरी राहिलंय. डाव्या हाताने हवेत चाचपडत होता. "ती... ती... सकाळी... पिवळं..." मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने मान खाली घातली. मागच्या बाकावर मझी अनिग्बो उठून उभे राहिले आणि टोपी डोक्यावर घालायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं. आपणच बुडत्याचा पाय खोलात नेला. आणि ती बाई तर उठेचना. डोळे उघडे, आभाळाकडे लावलेले. तिच्या कपाळावर माशी बसली तरी ती हलली नाही. मी पुढे होऊन तिचा खांदा हलवायला गेले, पण माझाही हात पुढे होईना. मला खरंच भीती वाटली.

तेवढ्यात गर्दीला कोपरं मारत सिमदी आली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, धापा टाकत, ड्यूटी सोडून. तिने पेटीत बघितलं, डायरेक्टरकडे बघितलं, आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "अकुअबाता. न्वोबोडोची लेक अकुअबाता. बाहेर ये."

सगळ्यांच्या तोंडाचा आ झाला. आमच्यात पोटची पोर आईला नावाने हाक मारत नाही. मारलेली मी तरी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि आजोबांचं नावही तिने तसंच नुसतं घेतलं, मानाचा एक शब्द न लावता.

पेटीत काहीतरी धडपडलं. सिमदीची आई ताडकन उठून बसली. "कोण गं तू मला नावाने हाक मारणारी?" ती म्हणाली. "तुझ्या बरोबरीची आहे मी? आपण दोघी मिळून गोट्या खेळलो होतो? माझ्या बापाचं नाव घेतेस, त्यानं तुला पाठीवर बसवून शेत दाखवलं ते विसरलीस? थांब, येऊ दे मला बाहेर." आणि एक पाय बाहेर टाकून ती चप्पल शोधायला लागली. चप्पल पेटीखाली होती. सिमदी रडत होती आणि मागे मागे सरकत होती, आणि आई एका पायात चप्पल, एक हातात घेऊन, झगा वर धरून तिच्या मागे. लोक हसता हसता खाली बसले.

"कट," डायरेक्टर म्हणाला. तोंड अजून ओलं होतं. "हा ठेवा."

मझी अनिग्बो माझ्यापाशी आले. मी शर्ट पुढे केला. त्यांनी घडी उलगडून शिवण बघितली, कॉलर बघितली, उगीचच. मग म्हणाले, "ती 'आले' नाही म्हणाली."

"नाही म्हणाली," मी म्हटलं. 

"पण मेलेल्या माणसाला एवढा राग येत नसतो," ते म्हणाले. "वहिनीला मी तेच सांगतो. आणि सांगतो की मुलीशी जपून बोलायला लागेल, आईचा हात चटकन उठतो." शर्टाचे पैसे त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिले आणि मोड घेतली नाही.

वस्तीत वाद अजून चालू आहे. मामा उगोचुकवू म्हणते, ती हाक धरता येत नाही, झोपवलं एकाने आणि उठवलं दुसऱ्याने. मी तिला म्हणते, म्हातारे, तुला उठवायला कोणी येतंय का ते आधी बघ. मुलाकडचे पुढच्या पायरीला आले, पाम वाइन घेऊन, नारळ घेऊन, मुलाची आईही आली आणि दोन्ही विहिणी एकमेकींना खालीवर न्याहाळत बसल्या. टोलानीचा माहितीपट मी अजून बघितलेला नाही. लागोसला दाखवला म्हणतात.

पण मला सांगायचं ते त्याच शनिवारचं. सिमदीच्या आईने मुलीला गाठलं, एक चप्पल हाणली, मग गळ्यात पडून रडली. नंतर मी तिला माझ्या दुकानापाशी आणून पाणी दिलं. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक आहे, त्यावर ती बसली. झग्याऐवजी तिला नेसायला दुसरं कापड शोधायला मी आत गेले, आणि बाहेर आले तर ती आडवी झाली होती. सरळ पाठीवर, पाय पसरून, तोंड उघडं, भर उन्हात. सकाळी माझ्याकडे ठेवलेली ओक्पाची पाटी डोक्याशी. चांगली घोरत होती. समोरून गिऱ्हाईक आलं आणि ओक्पा मागायला लागलं. मी त्याला हाताने गप्प केलं आणि पाटीतून दोन गोळे काढून दिले. मग सिमदी आली, शेजारच्या बायका आल्या, आम्ही सगळ्या तिथे उभ्या राहिलो, तिच्या तोंडावर सावली पडेल अशा. आणि आमच्यापैकी कोणीही तिला हाक मारली नाही.